पायाला मुंग्या येतात? आधी कारण शोधा, मग गोळी घ्या



परिपाठाला मुलं मांडी घालून बसतात. उठायची वेळ झाली की एखादा तरी ओरडतोच, "बाई, पायाला मुंग्या आल्या!" तो पाय झटकतो आणि दोन मिनिटांत पळायलाही लागतो. बसण्याच्या दाबामुळे पायाकडून मेंदूकडे जाणारे संदेश थोडा वेळ अडखळतात, दाब गेला की पुन्हा सुरळीत होतात. यात काळजीचं काही नाही.

पण दाब नसतानाही रोज मुंग्या येत असतील तर? माझ्या आईला येत होत्या. आम्ही म्हणायचो, वय झालं. ती औषधाच्या दुकानातून बी कॉम्प्लेक्सचं पाकीट आणायची आणि "ताकदीची गोळी" म्हणून घ्यायची. एक दिवस चालताना तिच्या पायातली चप्पल निसटली आणि तिला ते कळलंच नाही. तशीच चार पावलं पुढे गेली. तेव्हा आम्ही घाबरून डॉक्टरांकडे गेलो. त्या दिवशी जे समजलं, ते आज तुमच्याशी बोलायचं आहे.

तार आणि तिच्यावरचं आवरण

वर्गात मी विजेच्या तारेचा तुकडा दाखवते. आत तांबं, वर प्लॅस्टिकचं आवरण. आपल्या मज्जातंतूंचंही साधारण असंच आहे. त्यांच्यापैकी अनेकांवर मायलिन नावाचं आवरण असतं. त्यामुळे संदेश वेगाने आणि नीट पोहोचतात. हे आवरण तयार व्हायला आणि टिकायला जीवनसत्त्व बी-१२ लागतं. ते कमी पडलं की आवरण खराब होतं आणि पुढे आतल्या तंतूलाही इजा होते.

सुरुवात बहुतेक वेळा दोन्ही पायांच्या तळव्यांपासून होते. मुंग्या, बधिरपणा, कापसावर चालल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं. काहींना विसरभोळेपणा येतो, चिडचिड वाढते, जीभ लाल आणि गुळगुळीत होते.

बी म्हणजे आठ जणांचं कुटुंब

'बी' हे एकच जीवनसत्त्व नाही, ती आठ आहेत. नसांशी सर्वांत जवळचा संबंध बी-१, बी-६ आणि बी-१२ यांचा.

बी-१ ची गोष्ट मुलांना जरूर सांगा. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरांना दिसलं की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लटपटतात आणि न सडलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. तांदळाच्या कोंड्यात असं काय आहे, या शोधातून पुढे बी-१ सापडलं. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे मात्र जास्त आढळते ती बी-१२ ची कमतरता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त गरोदर मातांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं.

कमी का पडतं?

बी-१२ जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातून मिळतं: दूध, दही, अंडी, मासे, मांस. भाजीपाला, डाळी, मोड आलेली कडधान्यं यांवर बी-१२ साठी भरवसा ठेवता येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं. एका मोठ्या पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे चहातल्या चार चमचे दुधाने भागत नाही.

दुसरं कारण शोषणाचं. अन्नातून बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि आतड्यात शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. वयानुसार हे काम मंदावतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी बी-१२ कमी होऊ शकतं. आई शाकाहारी, दूध तिला आवडत नाही आणि मेटफॉर्मिन कितीतरी वर्षं चालू. सगळी कारणं एकाच घरात होती!

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. म्हणून कमतरता हळूहळू, गुपचूप वाढते.

मग सरळ गोळी का घेऊ नये?

१. पाकिटावर 'बी कॉम्प्लेक्स' लिहिलं म्हणजे त्यात पुरेसं बी-१२ असेलच असं नाही. मागची बारीक अक्षरं वाचा. आईच्या गोळीत ते अगदीच थोडं होतं.

२. 'नसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत बी-६ भरपूर असतं. शरीराला ते रोज दोन मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. मोठा डोस बरेच महिने घेतला तर बी-६ मुळेच पाय बधिर होऊ शकतात. दोन-तीन वेगवेगळी पाकिटं एकदम चालू असतील तर जास्तच जपा.

३. नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्तातली कमतरता सुधारल्यासारखी दिसते, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं. याचा अर्थ शाळेत मिळणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करा असा मुळीच नाही. त्या द्याच. फक्त त्यात बी-१२ नसतं, हे लक्षात असू द्या.

४. मधुमेह, थायरॉइड, दारू, मणक्याचा त्रास यांनीही मुंग्या येतात. बी-१२ पुरेसं असेल तर जास्तीच्या गोळीने हा त्रास जात नाही.

म्हणून मुंग्या टिकून राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा, चालू औषधांची यादी सोबत न्या आणि शक्यतो गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा. आधी गोळी घेतली तर तपासणीत आकडा वाढलेला दिसतो आणि खरं कारण झाकलं जातं.

उशीर महाग पडतो

आईला इंजेक्शनं दिली, नंतर गोळ्या. काही आठवड्यांत थकवा गेला, काही महिन्यांत मुंग्या कमी झाल्या. पण उजव्या तळव्याचा थोडा भाग अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असता तर..." ते वाक्य मला अजून टोचतं. मुलांना रोज शिकवणारी मी, घरातली तक्रार मात्र वयावर ढकलत होते.

पालकहो, एक विनंती. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई शाकाहारी असेल तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. आईकडेच कमी असेल तर बाळालाही कमी मिळतं आणि त्याची वाढ मागे पडू शकते.

आणि आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना एवढंच विचारा, "पायाला मुंग्या येतात का? चप्पल पायात आहे हे न बघता कळतं का?" उत्तर ऐकून "वय झालं" म्हणू नका.