अंगोऱ्याची कातरणी

हिमाचलमधल्या कुल्लू खोऱ्यात, गडसा इथं, केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे. त्या परिसरातल्या घरांमधून जर्मन अंगोरा ससे पाळलेले दिसतात. दर अडीच-तीन महिन्यांनी त्यांची लोकर कातरतात.

कातरणारी बाई मांडीवर गोणपाट पसरून ससा घेते आणि फणीनं पाठीच्या मधोमध भांग पाडते. मग कातरी कातडीला समांतर धरून ओळीनं खाली उतरत जाते. सशाची कातडी फार पातळ असते, लोकर जरा वर ओढली तरी तिच्याबरोबर उचलली जाते आणि कापते. मादीच्या पोटाकडे आल्यावर ती आचळ बोटानं चाचपून झाकते, मगच कातरी चालवते. एकदा कापलं तिथं पुन्हा कातरी फिरवत नाही. दुसऱ्या वेळी निघतात ते बारीक तुकडे, आणि ते लांब लोकरीत मिसळले की मालाची प्रत उतरते. पाठीची-कुशीची लांब, स्वच्छ लोकर वेगळी ठेवायची. पोटाची, पायांची, गुंता झालेली वेगळी. एका सशाला अर्धा तास सहज जातो. अंगोऱ्याची किंमत ठरते ती याच अर्ध्या तासात, असं माझं ठाम मत झालं.

तंतू जेमतेम 11 ते 14 मायक्रॉन जाडीचा. गुळगुळीत, त्यामुळे सुतात धरून राहावा म्हणून मेंढीच्या लोकरीत मिसळून काततात. ससा स्वतःचं अंग चाटतो, केस पोटात जातात आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून भरपूर वाळलं गवत खाऊ घालायचं, आणि कातरणी लांबवायची नाही.

गाभण मादी 31 दिवसांच्या सुमारास विते. त्याआधी ती आपल्याच पोटाची लोकर उपटून पेटीत पसरते. उघड्या अंगाच्या, मिटल्या डोळ्यांच्या पिल्लांना ती ऊब लागतेच. पण अंगोऱ्याचे लांब केस त्यांच्या पायाला, मानेला आवळतात. पाळणारे ते काढून कापून बारीक करतात आणि परत घालतात. हे पाहून मला या माणसांबद्दल फार आदर वाटला.

महाराष्ट्रात अंगोऱ्याचा मोह नको. तापमान 30 अंशांच्या वर राहिलं की नर काही काळ निकामी होतात आणि लोकरीखाली ससा धापा टाकतो. आपल्याकडे मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला या आखूड केसांच्या जाती बऱ्या. नीट खाद्य मिळालं तर तीन महिन्यांत दोन किलोंच्या आसपास भरतात. पण ऊन त्यांनाही सोसत नाही. जोड्या विकत घेण्याआधी मे महिन्यातल्या दुपारी शेडमध्ये तापमापक टांगून बघावा.