अंतराळांतील वाफा आणि आमचीं हरितगृहें

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या ज्या माळांवर पूर्वीं बाजरी व कांदा होत असे, तेथें आतां मोटारींचे कारखाने उभे आहेत. राहिलेल्या वीस-तीस गुंठ्यांत हरितगृहें घालून फुलें पिकविण्याकडे कित्येक बागाइतदारांचा कल झाला असून, तळेगांवची फूलशेती तर सर्वश्रुतच आहे. अशा वाचकांस बसावयाच्या पाटाएवढ्या एका वाफ्याची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा वाफा २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील 'कोलंबस' नांवाच्या युरोपीय प्रयोगशाळेंत, जमिनीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर, बसविण्यांत आला.

तेथील मुख्य अडचण पाण्याची होय. टंचाईची नव्हे, तर स्वभावाची. आपल्याकडे पाटाचें पाणी खालीं मुरतें आणि त्याच्या मागोमाग मातींत हवा शिरते. तेथें वजनच भासत नसल्यामुळें पाणी मुळांभोंवतीं गोळा होऊन चिकटून बसतें व मुळें गुदमरतात. तापलेली हवाही वर जात नाहीं. सबब ती पंख्यानें सारखी हलवावी लागते. यावर तोडगा असा, कीं भाजलेल्या चिकणमातीचे खडे व हळूहळू विरघळणारें खत भरून लहान उशा करावयाच्या, त्यांत वातीला बीं चिकटवावयाचें, आणि वर तांबडे, निळे, हिरवे दिवे लावावयाचे. ऑगस्ट २०१५ मध्यें याच वाफ्यांतील तांबडी लेट्यूस भाजी अंतराळवीरांनीं खाल्ली.

परंतु आम्हांस याहून बोधप्रद वाटतें तें एक फसलेलें पीक. रशियाच्या 'मीर' स्थानकावर १९९६ सालीं बुटका गहूं पेरला होता. झाडें वाढलीं, ओंब्या निसवल्या, पण दाणा एकही भरला नाहीं. कोणीही दोष वजनरहित स्थितीवर टाकला असता; परंतु शोधाअंतीं कारण निघालें तें बंद हवेंत सांचलेला इथिलीन वायु. आढी घालून आंबे पिकविणारास हा वायु नांवानें नसला तरी गुणानें परिचित आहे. त्याच्या योगानें परागकण वांझ झाले होते. पुढें निराळ्या वाणाचा गहूं लाविला, तेव्हां १९९९ सालीं तेथेंच बीं धरलें.

आपल्या देशाचाही यांत आतां हात लागला आहे. डिसेंबर २०२४ अखेर उडालेल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यावर 'इस्रो'नें चवळीचे आठ दाणे चार दिवसांत रुजविले. जून-जुलै २०२५ मध्यें शुभांशु शुक्ला यांनीं स्थानकावरील मुक्कामांत मूग व मेथीस मोड आणिले. तो प्रयोग धारवाडच्या कृषि विद्यापीठाचा व तेथील आय. आय. टी.चा.

हा खटाटोप आमच्या काय कामाचा, असें कोणी विचारील. चंद्रावर भाजी पिकेल तेव्हां पिको. बंद जागेंतील हवा व मुळांशीं तुंबलेलें पाणी हे विषय हरितगृहवाल्यांचेही आहेत. कार्नेशनचें फूल इथिलीनला फार नाजूक. पाकळ्या मिटून तें कोमेजतें. म्हणून तोडलेलीं फुलें शीतगृहांत पिकत्या आंब्या-केळ्यांशेजारीं ठेवूं नयेत, सडका पाला हरितगृहांत सांचूं देऊं नये, आणि माल भरतेवेळीं गाडीचें यंत्र बंद करावें, कारण धुरांतही हा वायु असतो. ठिबक सोडण्यापूर्वीं वाफ्यांतील मूठभर माती दाबून पाहावी; बोटांमधून पाणी सुटलें तर त्या दिवशीं तोटी बंदच ठेवावी.