स्पंज काढला, आता घड्याळ बघा

मेंढ्यांच्या कृत्रिम रेतनावर काम करायचं ठरवताय? मग आधी वेळेचं गणित पक्कं करा. मेंढीचं ऋतुचक्र साधारण १७ दिवसांचं, माज जेमतेम २४ ते ३६ तास. गाईसारखी ती हंबरून सांगत नाही. मेंढा जवळ नसेल तर माज कळतही नाही. पाथरीकडच्या कळपात आज एक, उद्या दुसरी माजावर येणार. तुम्ही फेऱ्या किती मारणार?

म्हणून सगळ्यांना एकत्र माजावर आणायचं. प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाचा स्पंज योनीमार्गात १२ ते १४ दिवस ठेवतात. तोवर माज दबून राहतो. स्पंज काढताना पीएमएसजीचं इंजेक्शन आणि साधारण ५५ तासांनी रेतन. बीजांड माजाच्या शेवटाकडे सुटतं, त्यामुळे माज दिसताच घाई नको.

खरी अडचण गर्भाशयमुखाची. आत इतक्या वळ्या की नळी पुढे सरकतच नाही. ताजं वीर्य मुखाशी सोडलं तरी भागतं; गोठवलेल्याला लॅप्रोस्कोपी लागते.

आणि पीएमएसजीचा डोस उगाच वाढवू नका. फलटणच्या निंबकर संस्थेने गरोळ मेंढीचा जनुक दख्खनीत आणला, तो जुळ्यांसाठी. माळरानावर चरणाऱ्या मेंढीला तिळी झाली तर दूध पुरत नाही, आणि नुकसान धनगराचं होतं. नोंदवहीत कोकरांच्या मरतुकीचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.