अन्ननलिकेचा कर्करोग : विषाणूचा वाटा किती?

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. लांबलचक पाळीत थकवा व भूक मारण्यासाठी तंबाखूची चिमूट गालात धरण्याची सवय येथील कामगार वस्त्यांत नवी नाही. अशा वस्तीत कोणास अन्ननलिकेचा कर्करोग झाला की, हा रोग संसर्गजन्य तर नसेल ना, अशी शंका घरच्यांच्या मनात डोकावते. तिचे निरसन होणे अगत्याचे आहे.

विषाणूचा संशय

काही विषाणू कर्करोगास कारणीभूत होतात, हे सिद्ध झाले आहे. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा संबंध दाखविल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने पेशींच्या बेसुमार वाढीस आळा घालणारी यंत्रणा निकामी करतात. अन्ननलिकेचे अस्तरही तशाच चपट्या पेशींचे असते. म्हणून फिनलंडमधील संशोधक सिर्यानेन यांनी १९८२ मध्ये येथेही हाच विषाणू कारण असू शकेल, असे सुचविले.

पुराव्याची पारख

त्यानंतर अनेक देशांत गाठींची तपासणी झाली. कोठे विषाणूचे अंश पुष्कळ नमुन्यांत आढळले, तर कोठे जवळजवळ मुळीच नाहीत. परंतु अंश सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. विषाणूची जनुके गाठीत कार्यरत असल्याचे दिसावे लागते. तसा पुरेसा पुरावा मिळालेला नसल्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या सिद्ध कारणांत या विषाणूची गणना होत नाही.

खरा शत्रू

तंबाखूविषयी मात्र शंका उरलेली नाही. मुंबईतील डॉ. जसावाला व देशपांडे यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्यांना व ओढणाऱ्यांना या रोगाचा धोका अधिक असल्याचे दाखविले. मद्यपानाने तो आणखी वाढतो. राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती याच जातीच्या रोगांना आळा घालण्यासाठी.

काय करावे?

रुग्णाच्या पंक्तीस बसल्याने हा रोग जडत नाही. त्यास वेगळे ताट मांडण्याचे कारण नाही. घास अडखळू लागला, वजन घटू लागले, तर विलंब न लावता भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात दाखवावे. दुर्बिणीच्या तपासणीने निदान होते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करुग्णांच्या सेवेत आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे जरी घरोघर पोहोचविले, तरी अनेक रुग्ण वेळेवर उपचारास येतील.