सल्लागारांची कार्यकक्षा आणि बालीची भातखाचरे

आशिया आणि प्रशांत महासागरातील देशांत गेल्या सहा दशकांत शेतीचे जे मोठे सरकारी प्रकल्प उभे राहिले, त्यांतील पुष्कळांचा पाया सल्लागार संस्थांच्या अहवालांवर रचलेला आहे. एखाद्या सरकारला धरण, पाट, बाजारपेठ किंवा नवे बियाणे यांसाठी पैसा हवा असतो. मनिला येथे मुख्यालय असलेली आणि 1966 मध्ये स्थापन झालेली आशियाई विकास बँक किंवा जागतिक बँक तो कर्जाऊ देते. आणि कर्ज मंजूर होण्यापूर्वी प्रकल्प तांत्रिक व आर्थिक दृष्टीने पेलणारा आहे की नाही हे सांगणारा व्यवहार्यता अहवाल तयार करण्याचे काम अभियंते, पीकशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ यांच्या पथकाकडे सोपवले जाते. पुढे आराखडा, बांधकामावरील देखरेख आणि शेवटचे मूल्यमापन हे टप्पेही अनेकदा सल्लागारांच्याच हातून पार पडतात. महाराष्ट्रातील फळे, भाजीपाला आणि फुलांच्या उत्पादकांना परिचित असलेला मॅग्नेट प्रकल्प आशियाई विकास बँकेच्या कर्जावर, तर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजेच पोकरा, जागतिक बँकेच्या कर्जावर उभा आहे.

या साऱ्या व्यवहारात सर्वांत कमी चर्चा होते ती कार्यकक्षेची, म्हणजे सल्लागाराने कोणत्या प्रश्नाचा अभ्यास करायचा, किती महिन्यांत करायचा आणि काय हाती द्यायचे हे ठरवून देणाऱ्या दस्तऐवजाची. हा दस्तऐवज पथक गावात पोहोचण्यापूर्वीच लिहिला गेलेला असतो. त्यात पाण्याविषयी विचारले असेल तर उत्तर पाण्याविषयी मिळते, आणि जे विचारलेच नाही ते अत्यंत विद्वान माणसांच्याही अहवालात उतरत नाही. सल्ला चुकला तरी सल्लागाराचे मानधन चुकते होते आणि कर्जाची परतफेड मात्र त्या देशातील जनता करीत राहते, हे लक्षात घेतले म्हणजे कार्यकक्षेतील एकेका ओळीचे मोल कळते. इंडोनेशियातील बाली बेटावर जे घडले त्याइतके या गोष्टीचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

बालीच्या नद्या ज्वालामुखीच्या उतारांवरून खोल घळींतून वाहतात, त्यामुळे भातखाचरांना पाणी द्यायचे तर घळीत बंधारा घालून, खडकात बोगदे खोदून आणि डोंगराच्या कडेने पाट काढूनच ते आणावे लागते. एका पाटावर भिजणाऱ्या खाचरांचे शेतकरी ज्या संघटनेत एकत्र येतात तिला सुबक म्हणतात, तिच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात, आणि तिचे उल्लेख अकराव्या शतकातील लेखांत सापडतात. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, ही रीत ठाऊक असलेल्या वाचकाला सुबकचा अंतर्गत कारभार ओळखीचा वाटेल. बालीत मात्र या व्यवस्थेला एक वरची पायरी आहे. बंधाऱ्याजवळ लहान देऊळ, अनेक सुबकांचे मिळून एक मोठे देऊळ आणि सर्वांच्या वर बातूर ज्वालामुखीच्या मुखातील सरोवराच्या देवीचे, देवी दानूचे मंदिर, अशी जलमंदिरांची साखळी तिथे आहे. कोणत्या सुबकाने लावणी केव्हा करायची आणि जमीन पड केव्हा ठेवायची हे या मंदिरांतील सभांमध्ये ठरते.

या वेळापत्रकामागचा पेच नीट समजून घेण्यासारखा आहे. नदीकाठच्या सर्व सुबकांनी एकाच आठवड्यात लावणी केली तर कापणीही एकाच वेळी होते, विस्तीर्ण प्रदेशात काही काळ भाताचे हिरवे पान उरत नाही आणि तुडतुडे, उंदीर यांची उपासमार होऊन त्यांची संख्या आपोआप घटते. परंतु तसे केल्यास सर्वांना पाणीही एकाच वेळी लागते आणि नदी अपुरी पडते. उलट प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावणी केली तर पाण्याची ओढाताण कमी होते, पण किडीला एका शेतातून दुसऱ्या शेतात वर्षभर खाद्य मिळत राहते. मंदिरांच्या सभा या दोन टोकांमधला मध्य साधत असत: किती सुबकांनी एकत्र पड ठेवावी आणि कोणत्या गटाने मागाहून लावणी करावी, हे त्या प्रत्येक हंगामात नव्याने पाहत.

1970 नंतरच्या हरितक्रांतीने हा मेळ मोडला. इंडोनेशियाच्या सरकारला भाताच्या आयातीतून सुटका हवी होती आणि ती इच्छा रास्तच होती. त्यासाठी लवकर तयार होणाऱ्या नव्या वाणांबरोबर खते व कीटकनाशके पुरवली गेली आणि मंदिराच्या पंचांगाकडे न पाहता जितक्या वेळा शक्य असेल तितक्या वेळा भात लावावा असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले. सुरुवातीला उत्पादन वाढलेही. थोड्याच वर्षांत तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला. त्यांना दाद न देणारे आयआर-36 हे वाण आणले तर ते हिरव्या तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या टुंग्रो या विषाणुरोगाला बळी पडले. टुंग्रोला तोंड देणारे पुढचे वाण आले तर त्याच्यावर बुरशी आली. फवारणी वाढत गेली आणि पाण्यावरून तंटेही वाढले.

अशा वेळी, 1979 मध्ये, आशियाई विकास बँकेच्या कर्जातून बाली सिंचन प्रकल्प सुरू झाला. परदेशी सल्लागारांना विचारलेला प्रश्न बंधारे आणि पाट यांच्या कार्यक्षमतेचा होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी पक्की बांधकामे, लोखंडी दारे व पाणी मोजण्याची साधने या रूपात दिले. मंदिरांचे वेळापत्रक हेच सिंचनाचे व्यवस्थापन आहे, ही गोष्ट त्यांच्या विचारात शिरली नाही. ते धर्माचे प्रकरण मानले गेले आणि धर्म कार्यकक्षेबाहेर होता. बसवलेली दारे शेतकऱ्यांनी संधी मिळताच काढून टाकायला आरंभ केला, कारण पाण्याची वाटणी दगडी उंबऱ्यावरून प्रमाणात करण्याची त्यांची पद्धत सर्वांच्या डोळ्यांदेखत चालत असे, तर दार वरखाली करणारा हात कोणाचा हे कोणालाच ठरवता येत नव्हते. हा अडाणीपणा नव्हता. उलट तो त्या प्रकल्पावरील सर्वांत अचूक तांत्रिक अभिप्राय होता.

त्या काळात बालीत संशोधन करणारे मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी परिसंस्थाशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्या साह्याने ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरील 172 सुबकांचे संगणकीय प्रतिरूप तयार केले, ज्यात पाऊस, नदीचा प्रवाह, पिकाची वाढ आणि किडीचा प्रसार एकत्र मांडला होता. प्रत्येक सुबक स्वतंत्र आणि सर्व सुबक एकत्र, अशा दोन्ही टोकांपेक्षा मंदिरांच्या गटांशी मिळतीजुळती रचना सरस ठरली, आणि शेजाऱ्याचे अधिक पीक पाहून त्याचे वेळापत्रक उचलायचे एवढाच नियम प्रत्येक सुबकाला दिला तरी काही वर्षांत तशीच रचना आपोआप उभी राहिली. 1993 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधीच, 1988 मध्ये, बँकेच्या स्वतःच्या मूल्यमापनाने पारंपरिक व्यवस्थेचे गुण न ओळखल्याची किंमत मोठी पडल्याचे मान्य केले होते. ही कबुली बँकेला भूषणावह आहे, परंतु ती कर्ज खर्च झाल्यावर आली. 2012 मध्ये युनेस्कोने सुबक व्यवस्थेचा प्रदेश जागतिक वारशात समाविष्ट केला.

इंडोनेशियाच्या सरकारने कीडनियंत्रणाचा धडा मात्र तुलनेने लवकर घेतला. देश 1984 मध्ये भाताबाबत स्वयंपूर्ण झाला आणि लगेचच तुडतुड्यांनी पुन्हा डोके वर काढले. कीटकनाशके तुडतुड्यांआधी त्यांना खाणाऱ्या कोळ्यांना व मित्रकीटकांना मारतात आणि त्यामुळे फवारणीनेच उद्रेक वाढतो, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी आली, अनुदानही टप्प्याटप्प्याने बंद झाले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तांत्रिक साह्याने 1989 पासून शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. तिथे तज्ज्ञ औषधाचे नाव सांगत नसे. शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्याला खाचरात उतरून कीड आणि मित्रकीटक मोजत असे, पाहिलेल्याचे चित्र काढत असे आणि फवारावे की नाही हे स्वतः ठरवत असे. सल्ला देण्याचा व्यवसायच इथे उलटा झाला होता. महाराष्ट्रात कृषी विभागाकडून आणि पोकरा प्रकल्पातून भरणाऱ्या शेतीशाळा याच घराण्यातील आहेत, आणि त्यांत आठवड्याचे निरीक्षण खरोखर होते की केवळ व्याख्यान होऊन उपस्थितीपत्रक भरले जाते, यावर त्यांचे यश अवलंबून आहे.

प्रशांत महासागरातील सामोआचा अनुभव आणखी वेगळा आहे. तारो, म्हणजे आपल्या अळूचाच कंद, हे तिथले मुख्य अन्न आणि निर्यातीचे पीक. निर्यातीसाठी सोयीचे म्हणून जवळपास सर्वत्र एकच वाण लावले गेले होते. 1993 मध्ये पानांवरचा करपा आला आणि निर्यात कोसळली. पुढे दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या सामोआतील शेतीशाखेत शेतकऱ्यांनाच निवडीत सहभागी करून प्रतिकारक्षम वाण शोधण्याचा आणि आशियातील तारोशी संकर करण्याचा कार्यक्रम चालला. शेतकऱ्यांनी रोगप्रतिकाराबरोबर चवही पारखली, कारण बेचव कंद घरात कोणी खाल्ला नसता. या संकरासाठी लागणारे वाण फिजीतील सुवा येथील प्रादेशिक जनुकपेढीत परीक्षानळ्यांमध्ये जिवंत ठेवले जातात. त्या नळ्यांतील रोपे ठरावीक काळाने नव्या माध्यमात हलवावी लागतात, त्यासाठी वीज आणि प्रशिक्षित माणसे दरवर्षी लागतात, तर देणगीदारांचे प्रकल्प बहुधा तीन ते पाच वर्षांत संपतात. पुढचा रोग कधी येईल हे ठाऊक नसताना त्यामधल्या वर्षांचा खर्च कोणत्या कार्यकक्षेत बसवायचा, हा प्रश्न तिथे अजून खुला आहे.