‘नवागत’ स्टार्लिंग : निरीक्षण आणि अनुमान

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या गुरचरणांवर हिवाळ्यात काळ्या पक्ष्यांचे मोठे मिश्र थवे उतरतात. त्यांत लाल खांद्याचे, ब्रूअरचे आणि तिरंगी असे ब्लॅकबर्ड असतात व त्यांच्यांतच युरोपीय स्टार्लिंगही मिसळलेला असतो. आपल्या साळुंकीच्या व भोरडीच्या कुळातील हा पक्षी अमेरिकेत मात्र उपरा होय. १८९० व १८९१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे शंभर स्टार्लिंग सोडण्यात आले. कॅलिफोर्नियातील त्याची पहिली नोंद १९४२ सालची आहे.

थव्यात तो ओळखावा कसा? आखूड शेपटी, उडताना त्रिकोणी दिसणारे टोकदार पंख आणि लांब, अणकुचीदार चोच ही त्याची लक्षणे होत. गवताच्या मुळांत मिटलेली चोच खुपसून ती आतल्या आत उघडावयाची व किडे टिपावयाचे, ही त्याची रीत दुरूनही लक्षात येते. शरद ऋतूत नव्या पिसांच्या टोकांवर पांढुरके ठिपके असतात. ती टोके झिजून वसंतात अंग तुकतुकीत काळे होते आणि काळपट चोच पिवळी पडते. पिल्ले मातकट असल्याने ब्लॅकबर्डच्या माद्यांशी त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

खरी अडचण ओळखीनंतर सुरू होते. ‘नवागत’ ह्या एका शब्दात तीन अर्थ दडलेले आहेत : त्या प्रदेशात जातीचाच नव्याने झालेला प्रवेश, उत्तरेकडून होणारे हंगामी आगमन आणि त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लांचे थव्यात सामील होणे. पिसाऱ्यावरून तिसरा अर्थ पुष्कळदा सिद्ध करता येतो. दुसऱ्यासाठी वर्षानुवर्षांच्या तारीखवार गणना, किंवा पायांत कडी घातलेले पक्षी, हवेत. पहिला तर कोणत्याही एका सकाळी ठरत नाही, कारण पहिली नोंद म्हणजे पहिले आगमन नव्हे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. तिरंगी ब्लॅकबर्डला कॅलिफोर्निया राज्याने २०१८ मध्ये संकटग्रस्त ठरविले. मिश्र थव्यातील स्टार्लिंग त्याच्या खात्यावर मोजले गेले, तर घटत्या जातीची संख्या फुगलेली दिसेल. म्हणून निरीक्षकाने स्थळ, दिनांक, संख्या, चोचीचा रंग व पिसाऱ्याची अवस्था प्रथम नोंदवावी आणि ‘दिसला’ ह्या क्रियापदाच्या जागी ‘आला’ हे क्रियापद पुराव्यावाचून योजू नये.