न दिसणारं ऊन आणि प्लॅस्टिकची सोलर प्लेट

आपल्या हिंगोली-वसमत भागात शिजवलेली हळद ज्या उन्हात वाळते, त्यातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसतच नाही. निखाऱ्यांची धग लांबूनही चेहऱ्याला लागते ना, त्याच जातीचे हे किरण. यांना अवरक्त किरण म्हणतात. त्यांच्यापासून वीज कशी होते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

छतावरची किंवा पंपाची सोलर प्लेट बहुधा सिलिकॉनची असते. ती दिसणारा प्रकाश घेते, अवरक्त किरणांतलेही काही घेते. बाकीचे वाया जातात. शिवाय प्लेट तापली की वीज घटते. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के. वैशाखात प्लेट ६० अंशांवर गेली, की शंभरातले चौदा गेले!

आता दुसरी जात पाहू. वायरवर प्लॅस्टिक असतं, कारण त्यातून वीज जात नाही. पण प्लॅस्टिकच्या जातीतले काही पदार्थ, म्हणजे पॉलिमर, वीज वाहून नेतात. या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली नोबेल मिळालं. अशा पॉलिमरची शाई करून पातळ कागदासारखी प्लेट छापता येते. पदार्थ बदलले की ती अवरक्त किरण घेते आणि उजेड पलीकडे जाऊ देते. २०१२ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात अशी प्लेट झाली. दोन तृतीयांश उजेड आरपार, वीज मात्र चारच टक्के. पिकाला लागतो तो दिसणारा उजेड, म्हणून भाजीवर असं छत घालता येईल, ही आशा.

अडचण टिकण्याची आहे. हवा, ओल आणि ऊन यांनी पॉलिमर लवकर खराब होतो. सिलिकॉनला पंचवीस वर्षांची हमी मिळते. म्हणून ‘रात्रीही चालणारी प्लेट’ विकायला कुणी दारात आलं, तर पैसे देऊ नका.

नव्या प्लेटची वाट पाहत रात्री साप-विंचवात पाणी देत बसायचीही गरज नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्केच भरावे लागतात. सातबारा तुमच्या नावावर असेल, तर अर्जही तुमच्याच नावाने करा.